मृद-जलसंधारणाच्या अनुदानाची गावनिहाय यादी कशी मिळवावी आणि कशी वाचावी

शेततळे, बांधबंदिस्ती, ठिबक संच, फळबाग लागवड अशा कामांसाठी शेतकऱ्याला मिळणारे अनुदान सार्वजनिक पैशातून दिले जाते. त्यामुळे ते कोणाला, किती आणि कशासाठी मिळाले हे विचारण्याचा अधिकार गावातल्या कोणालाही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४(१)(ख)(बारा) तर त्याही पुढे जाते. अनुदान योजनांच्या अंमलबजावणीची पद्धत, वाटप केलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, स्वतःहून प्रसिद्ध करावा असे त्यात सांगितले आहे. कार्यालयांच्या भिंतींवर मात्र बहुधा योजनांची नावे आणि पात्रतेच्या अटीच दिसतात. लाभार्थ्यांची यादी क्वचितच असते, आणि असली तरी ती जुन्या वर्षाची असते.

नागपूर जिल्ह्यात हे काम पहिल्यांदाच करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, शेतकरी गट चालवणारी तरुण मंडळी आणि तालुक्याचे बातमीदार त्यात आले. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण सुरू आहे म्हणून त्याच्या नावाचे कागद काढू पाहणाऱ्याला याचा फारसा उपयोग नाही. एका माणसाची नस्ती (फाइल) मागितली की हरकती येतात आणि प्रकरण लांबते. गावाची पूर्ण यादी मागितली की ती मिळणे सोपे जाते आणि तिच्यातून कळतेही जास्त.

आधी कार्यालय ठरवा

नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ चुकीच्या दारात जातो. ‘कृषी विभाग’ या नावाने तालुक्यात दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक राज्य शासनाची: सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, उपविभागीय कृषी अधिकारी आणि वर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. ठिबक-तुषार, वैयक्तिक शेततळे, बांधबंदिस्ती आणि फळबाग यांची बहुतेक कामे या साखळीतून होतात. दुसरी यंत्रणा जिल्हा परिषदेची असून तिचे तालुक्याचे टोक पंचायत समितीत असते. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातींसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना या दुसऱ्या यंत्रणेकडे आहेत. गावात दोन्ही यंत्रणांच्या योजनांना ‘कृषीची योजना’ असेच म्हणतात, पण त्या यंत्रणांचे जन माहिती अधिकारी (माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देणारे अधिकारी) वेगळे असतात आणि अपिलाचे अधिकारीही वेगळे असतात.

सिमेंट नाला बांध, पाझर तलावाची दुरुस्ती, नाला खोलीकरण ही सामूहिक कामे मृद व जलसंधारण विभाग किंवा जिल्हा परिषदेचा संबंधित विभाग यांच्याकडे असतात, आणि त्यांत ‘लाभार्थी’ नसतो. तिथे कंत्राटदार, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापाची नोंदवही) यांची माहिती मागावी लागते. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाची कामे तर एकाच गावात चार-पाच यंत्रणांनी मिळून केली होती. त्यामुळे त्या काळातल्या एखाद्या बंधाऱ्याचा माग काढायचा असेल, तर तो कोणत्या यंत्रणेने बांधला हे आधी ग्रामपंचायतीकडच्या गाव आराखड्यात पाहावे.

मनरेगातून (रोजगार हमी योजनेतून) वैयक्तिक शेतावर झालेली कामे, म्हणजे सिंचन विहीर, फळबाग, बांधबंदिस्ती यांची नोंद ग्रामपंचायत आणि पंचायत समिती अशा दोन्ही ठिकाणी असते. या योजनेचे राज्याचे आयुक्तालय मुंबई-पुण्यात नसून नागपुरातच आहे, हे पुष्कळ नागपूरकरांनाही ठाऊक नसते. गावाच्या यादीसाठी मात्र तिथपर्यंत जाण्याची गरज पडत नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प पहिल्या टप्प्यात नागपूर जिल्ह्यात नव्हता, दुसऱ्या टप्प्यात आला. आपले गाव त्यात असेल तर त्या प्रकल्पाच्या लाभार्थ्यांची यादी स्वतंत्रपणे मागावी, कारण नेहमीच्या यादीत ती नावे सापडणार नाहीत.

अर्जाविना मिळणारे कागद

मनरेगाचे संकेतस्थळ या बाबतीत सर्वांत उघडे आहे. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत या क्रमाने आत गेले की वर्षनिहाय कामांची यादी, प्रत्येक कामाचा सांकेतांक, मजुरी आणि साहित्यावरचा खर्च, इतकेच नव्हे तर हजेरीपटही दिसतात. सांकेतांकात ‘आयएफ’ ही अक्षरे असतील तर ते वैयक्तिक जमिनीवरचे काम असते आणि ‘डब्ल्यूसी’ असतील तर जलसंधारणाचे सार्वजनिक काम. हजेरीपट उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. पेरणीच्या ऐन दिवसांत, जेव्हा गावात मजूर मिळत नाही अशी ओरड असते, तेव्हा एखाद्या शेतावर मजुरांची पूर्ण हजेरी लागलेली दिसली तर त्या ओळीखाली रेघ मारून ठेवावी. त्यावरून लगेच निष्कर्ष मात्र काढू नये. या कामांची भूस्थाननिश्चित छायाचित्रे इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशा-संकेतस्थळावर आहेत. कामाआधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेचा आहे का, हे तिथे घरबसल्या तपासता येते.

कृषी योजनांचे अर्ज ज्यावर भरतात त्या राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शेतकऱ्याला स्वतःच्या अर्जाची स्थिती सविस्तर दिसते. ठिबक किंवा शेततळ्यासाठी आधी सोडत निघत असे आणि २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ अशी पद्धत आली, हे लक्षात ठेवावे, कारण ‘अमक्याचा नंबर कसा लागला’ या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षीच्या पद्धतीनुसार बदलते.

मग ग्रामसभा. वैयक्तिक लाभाच्या योजनांतील लाभार्थी निवडण्याचा अधिकार ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेला दिलेला आहे, आणि मनरेगाच्या कायद्यात कलम १७ खाली सामाजिक अंकेक्षणाची (झालेल्या कामांच्या ग्रामसभेतील तपासणीची) तरतूद आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखांच्या आधी आठवडाभर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी पत्र देऊन ‘मागील वर्षातील लाभार्थ्यांच्या यादीचे वाचन’ हा विषय कार्यसूचीत घ्यायला सांगावे. सभेत उभे राहून ऐनवेळी विचारलेला प्रश्न गोंधळात विरतो, पण कार्यसूचीतल्या विषयाची नोंद इतिवृत्तात करावीच लागते.

आणखी एक सोय फार कमी लोक वापरतात. सामान्य प्रशासन विभागाच्या नोव्हेंबर २०१८ मधील परिपत्रकानुसार जिल्हा व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. काटोलहून किंवा भिवापूरहून नागपुरात यायचे असेल तर सोमवारच निवडावा, जाण्याआधी कार्यालयाला विचारून घ्यावे आणि परिपत्रकाची छापील प्रत सोबत ठेवावी. खिडकीपलीकडच्या माणसाला ते माहीत असेलच असे नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज

वरच्या मार्गांनी मनरेगाची बाजू बरीचशी उलगडते. शेततळे, ठिबक आणि फळबाग यांच्या गावनिहाय यादीसाठी मात्र बहुतेक वेळा अर्जच करावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावून करायचा असतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडल्यास शुल्क लागत नाही. अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारण १५० शब्दांत बसावा, असा नियम आहे. ही मर्यादा जाचक वाटते खरी, पण तिच्यामुळे अर्ज नेमका होतो, असे माझे मत आहे. मौदा तालुक्यातल्या एखाद्या गावासाठी मजकूर असा लिहिता येईल:

“माहितीचा विषय: ग्रामपंचायत (नाव), ता. मौदा येथील वैयक्तिक शेततळे व बोडी खोलीकरण अनुदान. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५. आवश्यक माहिती: या कालावधीत आपल्या कार्यालयामार्फत ज्यांना अनुदान प्रदान झाले त्यांची यादी, त्यात लाभार्थ्याचे नाव, गट क्रमांक, योजनेचे नाव, मंजूर आकारमान, पूर्वसंमतीचा दिनांक, मोका तपासणीचा दिनांक, प्रदान रक्कम व प्रदानाचा दिनांक. आधार क्रमांक, बँक खाते व भ्रमणध्वनी क्रमांक नको आहेत. असल्यास ते झाकून प्रत द्यावी. ही माहिती कलम ४(१)(ख)(बारा) खाली स्वयंप्रसिद्धीस पात्र आहे.”

या मजकुरात ‘प्रदान झाले’ हे शब्द मुद्दाम आहेत. ‘मंजूर लाभार्थ्यांची यादी’ मागितली तर सोडतीत नाव निघालेल्या, पण खोदकाम न केलेल्या शेतकऱ्यांचीही नावे येतात, आणि मग ‘कागदावर तळे, शेतात काहीच नाही’ असा खोटा गवगवा होतो. ‘बोडी’ही मुद्दाम लिहिली आहे, रामटेक, मौदा, कुही या धानपट्ट्यात शेतातल्या पाण्याच्या साठ्याचे काम त्या नावानेही नोंदलेले असू शकते. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न अर्जात अजिबात घालू नये. हा कायदा असलेला अभिलेख मिळवून देतो. अधिकाऱ्याने खुलासा करावा असे बंधन त्यात नाही, आणि तेवढ्या एका प्रश्नामुळे बाकीचा अर्जही रेंगाळतो.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत तो योग्य ठिकाणी वर्ग करणे ही त्या कार्यालयाची जबाबदारी आहे. उत्तरासाठी मुदत ३० दिवसांची. प्रतींचे शुल्क पानाला २ रुपये; शुल्काचे पत्र आल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस या मुदतीतून वगळले जातात, म्हणून पत्र मिळताच पैसे भरावेत. मुदत उलटल्यावर दिलेल्या माहितीला कलम ७(६) प्रमाणे शुल्क आकारता येत नाही. पाने शेकड्यांनी असतील तर प्रतींऐवजी अभिलेख पाहण्याची परवानगी मागावी. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो.

उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे, २० रुपयांचा मुद्रांक लावून, जोडपत्र ‘ब’ मध्ये पहिले अपील करावे. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. ते करावे लागले तर जरूर करावे, पण तिथली रांग मोठी असते. तोपर्यंत थांबून न राहता एकाच गावाचा, एकाच वर्षाचा लहान अर्ज पुन्हा टाकलेला बरा.

‘ही वैयक्तिक माहिती आहे’

हे उत्तर आता अधिक वेळा ऐकावे लागेल. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक लोकहित आहे का, हे पाहावे लागत असे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने ते कलम आखूड केले, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. तरीही दोन गोष्टी कायम आहेत. कलम ४(१)(ख)(बारा) मधली लाभार्थ्यांच्या तपशिलाची तरतूद तशीच आहे, आणि कलम ८(२) प्रमाणे हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. अपिलात हे दोन मुद्दे, फार पाल्हाळ न लावता, लिहावेत. मनरेगाच्या लाभार्थ्यांची नावे शासन स्वतःच संकेतस्थळावर ठेवते, हेही सांगता येते.

अधिकाऱ्याची अडचण अगदीच खोटी नसते, हेही मान्य केले पाहिजे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करणारे नियम खासगीपणाच्या कारणावरून रद्द केले होते. त्यानंतर २०१३ च्या नव्या नियमांनी नावे पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली, पण वर्षाला १,२५० युरोपर्यंतची रक्कम घेणाऱ्यांची नावे वगळण्यात आली. लहान माणसाला झाकावे आणि मोठी रक्कम उघडी ठेवावी, ही त्यामागची भूमिका मला पटते. आपल्याकडे मात्र नेमके उलटे होण्याची भीती आहे: मजुराची हजेरी सर्वांना दिसते आणि लाखाच्या घरातले अनुदान नस्तीत राहते. म्हणूनच अर्जात आधार आणि खाते क्रमांक आपणहून नाकारावेत. कार्यालयाकडे मग नकाराचे कारण उरत नाही, आणि आपल्या हातून एखाद्या शेतकऱ्याचे नुकसान होण्याची शक्यताही टळते.

यादी हातात आल्यावर

यादी आली की तिचे छायाचित्र काढून गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकण्याचा मोह आवरावा. आधी त्या वर्षी लागू असलेला शासन निर्णय काढून शेजारी ठेवावा, कारण अटी बदलत राहतात. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत किमान ०.६० हेक्टर जमीन आणि कमाल ५०,००० रुपये अनुदान अशी अट होती. पुढे शेततळे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आले आणि कमाल मर्यादा ७५,००० झाली. २०१८ चे देयक आणि २०२३ चे देयक एकाच मापाने तपासले तर दुसऱ्याला उगाच जास्त मिळाल्यासारखे दिसेल.

ठिबकच्या बाबतीत अल्प व अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, आणि राज्याच्या पूरक अनुदानासह एकूण अनुक्रमे ८० व ७५ टक्के, असे प्रमाण आहे. हे टक्के शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चाचे असतात, विक्रेत्याच्या बिलाचे नसतात. लाभ ५ हेक्टरपर्यंत मिळतो आणि त्याच क्षेत्रावर पुन्हा लाभ घ्यायला ७ वर्षे जावी लागतात. म्हणून एकच नाव दोनदा दिसले की आधी गट क्रमांक पाहावा. गट वेगळे असतील तर बहुधा काही गैर नसते. गट तोच आणि वर्षे जवळची असतील तर मात्र सातबारा काढून पाहावा.

शेततळ्याची मोजणी करताना एक हिशेब नवख्याला हमखास चकवतो. ३० × ३० × ३ मीटर हा गुणाकार २,७०० घनमीटर भरतो. पण तळ्याच्या बाजू उभ्या नसतात. १:१ उतार धरला तर वर ३० × ३० असलेले तळे तळाशी २४ × २४ राहते, आणि साठा सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटरच्या आसपास होतो. मोजमाप पुस्तिकेत २,१९६ दिसले तर कोणी माती खाल्लेली नाही. २,७०० दिसले तर मात्र खोदकामाचे देयक कसे निघाले, हे विचारायला हवे. खोली मोजायची तर पावसाळ्याआधी मोजावी आणि गाळाची वजाबाकी करावी. पाच वर्षांपूर्वीच्या तळ्यात गाळ साचून खोली दोन मीटरवर आली, तर तो भ्रष्टाचाराचा पुरावा नव्हे.

शेतात जाण्यापूर्वी गूगल अर्थवर त्या गटाची जुनी उपग्रह-चित्रे पाहावीत. जुलै-ऑगस्टची चित्रे ढगांमुळे निरुपयोगी असतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पाणी असलेले तळे गडद चौकोनासारखे स्पष्ट दिसते आणि अस्तरीकरण केलेले (आतून प्लास्टिक अंथरलेले) तर दुरूनही ओळखू येते. प्रदानाच्या दिनांकाआधी तो चौकोन उमटलेला आहे का, एवढेच पाहायचे. पुष्कळ वर्षे आधीपासून तो तिथे असेल, तर जुन्याच तळ्यावर नवे अनुदान निघाले का, हा प्रश्न रास्त ठरतो. दूरस्थ संवेदनाची ही कामे करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे, आणि जलयुक्त शिवारच्या कामांच्या स्थाननिश्चितीत त्याचा वाटा होता.

यादीत कोण आहे, यावर सगळ्यांचे लक्ष जाते. कोण नाही, हे पाहायला वेळ द्यावा. ठेक्याने किंवा बटईने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून तो या यादीत कधीच येत नाही, मग बांध त्याने घातलेला का असेना. किमान क्षेत्रापेक्षा कमी जमीन असलेले शेतकरी शेततळ्याच्या अटीतच गळतात. गावातल्या खातेदारांपैकी महिला किती आणि लाभार्थ्यांत किती, ही दोन संख्यांची तुलना दहा मिनिटांत होते आणि ग्रामसभेत ती ठेवली की चर्चा नावांवरून अटींवर येते. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात ठिबकची यादी लांब असेल आणि त्याच गावात बांधबंदिस्तीची दोन-चारच नावे असतील, तर तेही नोंदवून ठेवावे. पैसा माती धरण्याकडे जातो की बाग वाढवण्याकडे, हे त्यातून दिसते.

तफावत सापडली तर

ज्याचे नाव आहे त्या शेतकऱ्याला आधी भेटावे. पुष्कळदा गोष्ट साधी निघते: तळे भावाच्या गटात खोदले गेले, फेरफार उशिरा झाला, किंवा खात्यात रक्कम आलीच नाही आणि यादीत मात्र ‘प्रदान’ असे लिहिले गेले. असे असेल तर तो शेतकरी तक्रारीत आपल्या बाजूने उभा राहतो. त्यानंतर तालुका कृषी अधिकाऱ्यांना गट क्रमांक, यादीतील नोंद आणि प्रत्यक्ष स्थिती अशा तीन रकान्यांचे पत्र देऊन संयुक्त मोका पाहणीची मागणी करावी, पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा आणि पाहणीच्या दिवशी पंचनाम्यावर ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीची सही होईल असे पाहावे. भाषा आरोपाची नसावी. ‘अपहार’ हा शब्द पहिल्याच पत्रात लिहिला की समोरचा कागद दाखवायचा थांबतो.

यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत आवक नोंदवून ठेवावी, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज एप्रिलमध्ये न करता जूननंतर करावा, कारण मार्चअखेरीस काढलेल्या देयकांच्या नोंदी यादीत उतरायला तेवढा काळ जातो.